दोष चोरांचा कमी, पटकथेचा जास्त

प्रति,
संपादक

महोदय,

आपल्या चित्रपटविषयक पानावर इटलीतल्या विनोदी स्पॅगेटी वेस्टर्नपटांवरचा, म्हणजे इटालियनांनी बनवलेल्या अमेरिकी बंदूकबाजांच्या चित्रपटांवरचा लेख वाचला. मराठीत या विषयावर फारसे कोणी लिहीत नाही, त्यामुळे आनंद झाला. मात्र दामियानो दामियानी यांच्या १९७५ सालच्या 'उन जेनिओ, दुए कोम्पारी, उन पोल्लो', म्हणजे 'एक अक्कलवान, दोन साथीदार, एक बकरा', या चित्रपटाची लेखात एका वाक्यात बोळवण झाली आहे: निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फिल्म, चोरीला गेली, म्हणून चित्रपट फसला. हे वाक्य वर्षानुवर्षे असेच एका लेखातून दुसऱ्या लेखात जात आले आहे आणि ते जेमतेम अर्धे खरे आहे. विनोदी चित्रपट नेमका कुठे आणि कशामुळे ढिला पडतो हे दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी चित्रपटाची पार्श्वभूमी. यामागची मुख्य शक्ती होती स्पॅगेटी वेस्टर्नचे गाजलेले दिग्दर्शक सर्जियो लिओने यांची. १९७३ साली त्यांच्याच कल्पनेवरून तोनिनो वालेरी यांनी 'इल मिओ नोमे ए नेस्सुनो', म्हणजे 'माझे नाव कोणीच नाही', केला होता आणि तो उत्तम चालला होता. त्यातला नायक टेरेन्स हिल, संगीतकार एन्निओ मोरिकोने, पटकथाकार एर्नेस्तो गास्ताल्दी आणि संकलक नीनो बाराली ही सगळी मंडळी १९७५ च्या चित्रपटातही आहेत. सुरुवातीचा प्रसंग तर लिओने यांनी स्वतः चित्रित केला, पण श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव नाही. बाकी सगळा चित्रपट दामियानी यांचा. कथा थोडक्यात अशी: जो थँक्स नावाचा लफंगा आपला मित्र बिल आणि बिलची मैत्रीण ल्यूसी यांना हाताशी धरून मेजर कॅबट या लष्करी अधिकाऱ्याकडचे तीन लाख डॉलर लांबवायचा बेत आखतो. कॅबटला अमेरिकेतल्या मूलनिवाशांचा कमालीचा द्वेष आहे. बिल स्वतः अर्धा मूलनिवासी. त्याने कर्नल पेम्ब्रोक असल्याचे सोंग घ्यायचे आणि कॅबटला त्याच्या किल्ल्यापासून दूर न्यायचे, असा डाव. तो सुरुवातीपासूनच बिघडत जातो.

आता चोरीविषयी. ऑगस्ट १९७५ मध्ये रोममधल्या टेक्निकलरच्या लॅबमधून निगेटिव्हची रिळे चोरीला गेली आणि त्यांच्यासाठी खंडणी मागितली गेली. या नुकसानीचा अर्थ कळायला फिल्मच्या जमान्यात काम कसे चालायचे हे माहीत हवे. एका शॉटचे चार-पाच टेक व्हायचे. त्यातले एक-दोन 'प्रिंट करा' असे दिग्दर्शक सांगायचा आणि तेवढ्यांचीच पॉझिटिव्ह लॅबमधून यायची. संकलक कापाकापी आणि जोडाजोडी करायचा ती या पॉझिटिव्हवर. मूळ निगेटिव्हला तोवर कोणी हातही लावायचे नाही. ३५ मिलिमीटर फिल्मच्या काठावर दर फुटाला, म्हणजे दर १६ फ्रेमना, एक क्रमांक असतो. संकलन पक्के झाले की या क्रमांकांवरून निगेटिव्हमधला नेमका तोच तुकडा शोधायचा, कापायचा आणि जोडायचा. सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने मिनिटाला ९० फूट फिल्म जाते. दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे १०,८०० फूट. हे सगळे फूट त्या निवडलेल्या टेकमधून यायचे असतात.

निवडलेल्या टेकची निगेटिव्हच गेली तर दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे संकलनासाठी वापरलेल्या पॉझिटिव्हवरून डुप्लिकेट निगेटिव्ह काढायची. पण त्या पॉझिटिव्हवर ओरखडे असतात, मेणपेन्सिलीच्या खुणा असतात, सांधे असतात. शिवाय अशा कॉपीवरून केलेल्या कॉपीत उजेड-सावलीतला फरक भडक होतो, सावलीतला तपशील बुजतो आणि फिल्मचे दाणे डोळ्यांत भरतात. दुसरी वाट म्हणजे नाकारलेल्या टेकची निगेटिव्ह शाबूत असेल तर ती बाहेर काढून चित्रपट पुन्हा बांधायचा. चित्र स्वच्छ मिळते, पण अभिनय दुसऱ्या पसंतीचा. दामियानींचा चित्रपट प्रामुख्याने या दुसऱ्या वाटेने पुरा झाला, असे सांगितले जाते.

टेक नाकारला जातो त्याला कारण असते. नटाने नजर वळवायला अर्धा सेकंद उशीर केलेला असतो, ग्लास उजव्याऐवजी डाव्या हातात असतो, वाक्याच्या शेवटचा जोर सैल पडलेला असतो. गंभीर दृश्यात अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम, इकडे-तिकडे झाले तर प्रेक्षकाला कळतही नाही. विनोदी दृश्यात त्याच १२ फ्रेमवर हशा अवलंबून असतो. त्यातून एका नटाचा तिसरा टेक आणि समोरच्याचा पहिला टेक जोडायची वेळ आली की दोघांची लय जुळत नाही. एकाने बोलणे संपवलेले असते, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ते ऐकल्याची खूण अजून उमटलेली नसते. मग संकलक मध्ये तिसऱ्याच कोणाचा तरी चेहरा टाकून फट झाकतो. संवादांच्या प्रसंगांत प्रतिक्रिया उशिरा आल्यासारख्या वाटतात आणि कट नको तिथे बसतात, तेव्हा त्याचा काही वाटा नक्कीच या चोरीच्या पदरात टाकावा लागेल. वेळही नव्हता. ऑगस्टमध्ये चोरी झाली आणि डिसेंबरमध्ये चित्रपट इटलीतल्या चित्रगृहांत लागला. नाताळचा हंगाम चुकवणे निर्मात्यांना परवडणारे नव्हते.

इथपर्यंत आपल्या लेखाशी माझे भांडण नाही. पण त्याच चोरीत पासोलिनी आणि फेलिनी या इटालियन दिग्दर्शकांच्या अनुक्रमे 'सालो'ची आणि 'कासानोव्हा'ची रिळेही गेली होती, हे लेखात यायला हवे होते. फेलिनींच्या हातात वेळ होता, त्यांचा चित्रपट १९७६ च्या अखेरीस आला. 'सालो' मात्र त्याच नोव्हेंबरमध्ये पॅरिसला दाखवला गेला. त्याचा संकलकही नीनो बारालीच. त्या चित्रपटाबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्याची बांधणी विस्कटली आहे असे मात्र कोणी म्हणत नाही. चोरी तीच, संकलक तोच, मुदतही जवळपास तेवढीच. मग एक चित्रपट उभा राहिला आणि दुसरा डगमगला, याचे कारण लॅबच्या बाहेरच शोधायला हवे.

ते पहिल्यांदा सापडते पटकथेत. ठकबाजीची गोष्ट पडद्यावर दोनच रीतींनी रंगते. एक तर प्रेक्षकाला सगळा बेत आधी सांगून टाकायचा: कोण कुठे उभा राहणार, कोण काय बोलणार, पैसे कुठून बाहेर येणार. मग प्रत्यक्षात त्यातली एकेक गोष्ट बिघडत जाते आणि प्रेक्षक हसतो, कारण काय व्हायला हवे होते हे त्याला ठाऊक असते. किंवा मग बेत पूर्ण लपवायचा, पण वाटेत खुणा पेरत जायचे, म्हणजे शेवटी उलगडा झाल्यावर प्रेक्षकाला आठवते की अरे, हे तर आपल्या डोळ्यांसमोरच होते. दामियानी आणि गास्ताल्दी यांनी दोन्हींची सरमिसळ केली आहे. अर्धा बेत सांगितला जातो, उरलेला जो थँक्सच्या डोक्यात राहतो. बिलचे सोंग उघडे पडू लागले की आपण घाबरायचे की हसायचे हे ठरत नाही. हीसुद्धा जोचीच चाल असेल का, अशी शंका सतत मनात असते. आणि सगळेच चाल असू शकते अशा गोष्टीत कशालाच किंमत उरत नाही. उलगड्याची वेळ येते तेव्हा मागे वळून बघावे असे फारसे काही पेरलेले नसते.

पेरणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७५ ला, 'शोले' प्रदर्शित झाला. त्यावरचे लिओने यांचे ऋण सर्वांना माहीत आहे, विशेषतः ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडात. जयचे नाणे आठवा. हसत-खेळत, सहज उडवले जाणारे ते नाणे प्रत्येक वेळी प्रसंगाचा निर्णय करते आणि प्रेक्षक त्याला जयची एक लकब समजून सोडून देतो. शेवटी वीरूच्या हातात ते येते, दोन्ही बाजू सारख्या निघतात आणि आधीचे सगळे प्रसंग नव्या अर्थाने समोर येतात. खुलाशाला एकही वाक्य खर्च होत नाही. 'उन जेनिओ'मध्ये असे एक नाणे शोधायला गेलो तर हाताला काही लागत नाही. नाकारलेले टेक वापरल्यामुळे असे नाणे हरवत नाही. ते लिहिलेलेच नव्हते.

दुसरा दोष पात्रनिवडीतला, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडलेला. टेरेन्स हिलची ताकद एन्झो बार्बोनी यांनी अचूक ओळखली होती. बार्बोनी मूळचे छायालेखक, दिग्दर्शक कॉर्बुच्चींच्या १९६६ च्या 'जँगो'चे छायाचित्रण त्यांचे. १९७० मध्ये 'लो कियामाव्हानो त्रिनिता' करताना त्यांनी हिलसमोर बड स्पेन्सरला उभे केले. एक सडपातळ, निळ्या डोळ्यांचा, आळशी पण विजेसारखा चपळ. दुसरा धिप्पाड, चिडका, एका जागी रोवलेला. खरा जलतरणपटू, दोन ऑलिंपिक खेळलेला माणूस तो. हिल बोलतो, स्पेन्सर गुरगुरतो. हिल खोडी काढतो, स्पेन्सर निस्तरतो. दोघांच्या वेगातल्या फरकातून हशा आपोआप तयार होतो, संवाद लिहायच्या आधीच. १९७३ च्या चित्रपटात स्पेन्सर नव्हता, पण तिथे हेन्री फोंडा होता: वय झालेला, थकलेला, शब्द मोजून वापरणारा बंदूकबाज. पुन्हा तोच फरक, वेगळ्या रूपात.

१९७५ मध्ये हिलसमोर आला रॉबेर शार्लबुआ. क्युबेकचा मोठा रॉक गायक, पडद्यावर दिसायला छान, मोकळा, हसरा. पण तोही चपळ, तोही बोलका, तोही खोडकर. दोन टेरेन्स हिल एकमेकांसमोर उभे राहिल्यासारखे होते. कोणी कोणाला अडवत नाही, त्यामुळे ठिणगी पडत नाही. ल्यूसीच्या भूमिकेतली मिऊ-मिऊ तर तिघांत सर्वांत हुशार अभिनेत्री. फ्रान्समध्ये ती वर्षभरापूर्वीच दोन पुरुष आणि एक बाई अशा त्रिकुटाच्या चित्रपटामुळे गाजली होती आणि तिची निवड त्याच आठवणीवर केलेली वाटते. इथे मात्र तिला दोघांच्या मध्ये उभे राहून एकाकडून दुसऱ्याकडे बघण्यापलीकडे फारसे काम नाही. बेताची सूत्रे तिच्या हाती दिली असती तर हे त्रिकूट जिवंत झाले असते, असे चित्रपट बघताना सारखे वाटत राहते.

क्लाउस किन्स्कीचे काय केले आहे तेही बघण्यासारखे आहे. हा नट पडद्यावर येताच हवा ताणली जाते. इथे तो डॉक फॉस्टर म्हणून येतो, द्वंद्वाचा प्रसंग होतो आणि मुख्य कथेला हात न लावता तो निघून जातो. प्रेक्षक पुढचा तासभर त्याची वाट बघतो. खलनायक म्हणून पुढे येतो मेजर कॅबट, म्हणजे पॅट्रिक मॅकगूहन. तो उत्तम नट आहे, पण त्याच्याशी आपली ओळख होईपर्यंत आपले कुतूहल दुसऱ्याच माणसात गुंतलेले असते.

आता विनोदाच्या कारागिरीकडे वळतो, कारण आपल्या लेखात हा भाग अजिबात आलेला नाही. बार्बोनींच्या १९७१ च्या दुसऱ्या त्रिनिता चित्रपटातला पत्त्यांच्या डावानंतरचा प्रसंग घ्या. समोरचा बंदूकबाज पिस्तुलाकडे हात नेतो. हात पोचायच्या आत त्याच्या गालावर चपराक बसते आणि हिलचे पिस्तूल त्याच्यासमोर रोखलेले असते. पुन्हा प्रयत्न, पुन्हा चपराक. कागदावर यात काहीच नाही. पडद्यावर ते चालते याची कारणे मोजता येतात. पहिले, दोघेही एकाच चौकटीत आहेत. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये कट नाही, म्हणून फसवणूक झाली असे वाटत नाही. दुसरे, हालचाल थोडी वेगवान केलेली आहे. कॅमेरा २४ ऐवजी २० फ्रेमनी चालवला तर पडद्यावर वेग पाचव्या हिश्श्याने वाढतो, १८ वर नेला तर एक तृतीयांशाने. याहून खाली गेले की माणसे बाहुल्यांसारखी टुणटुणतात आणि मजा जाते. तिसरे, प्रत्येक चपराकीनंतर थांबा आहे. अपमानित माणसाच्या चेहऱ्यावर अविश्वास पसरायला वेळ दिलेला आहे. आणि चौथे, पुनरावृत्ती नियमित आहे. प्रेक्षकाला नियम कळतो, मग तो पुढच्या चपराकीची वाट बघू लागतो, आणि वाट बघणे हेच तर हशाचे निम्मे काम.

वालेरींच्या १९७३ च्या चित्रपटाची सुरुवात आणखी वरच्या दर्जाची आहे. तीन मारेकरी न्हाव्याला आणि त्याच्या मुलाला बांधून ठेवतात. एक न्हावी बनतो. बाहेर दुसरा घोड्याला खरारा करत बसतो, तिसरा गाईचे दूध काढत. संगीत नाही. फोंडा येऊन खुर्चीत बसतो आणि आपले पिस्तूल गुपचूप त्या खोट्या न्हाव्याच्या मांड्यांमध्ये टेकवतो. मग दाढी सुरू. वस्तऱ्याची खरखर, खराऱ्याची खरखर, दुधाच्या धारेचा आवाज. हे तीन आवाज आलटून पालटून येतात आणि प्रत्येक आवाज म्हणजे एक मारेकरी. दुधाची धार थांबली की आपल्याला कळते की आता काहीतरी होणार. विनोद आणि भीती एकाच यंत्रावर चालवलेली आहेत. आधी सांगितलेली माहिती, मग लांबवलेली प्रतीक्षा, मग क्षणात सुटलेला बार. गोळ्या इतक्या भराभर सुटतात की न्हाव्याच्या मुलाला एकच आवाज ऐकू येतो.

लिओने यांच्या १९६६ च्या चित्रपटातला स्मशानातला तिघांचा सामना पाच मिनिटांच्या आसपास चालतो आणि त्यात गोळी सुटण्याचा भाग काही सेकंदांचा. स्पॅगेटी वेस्टर्नची विडंबने याच प्रमाणावर उभी असतात. प्रतीक्षा खरी वाटली तरच तिचा फुगा फोडता येतो. दामियानींना प्रतीक्षेत रस नाही. ते घाईचे दिग्दर्शक आहेत, चांगल्या अर्थाने घाईचे. १९६६ च्या त्यांच्या मेक्सिकन क्रांतीवरच्या चित्रपटात, 'किएन साबे?'मध्ये, ही घाई शोभून दिसते. माफियावरच्या त्यांच्या चित्रपटांतही तेच. तिथे माणसे भ्रष्ट व्यवस्थेत अडकत जातात आणि कॅमेरा त्यांच्या मागे धावतो. विनोदात मात्र कॅमेऱ्याने आधी पोचून थांबायचे असते. 'उन जेनिओ'मधले कितीतरी विनोद कॅमेरा उशिरा पोचल्यामुळे वाया गेले आहेत. पडणारा माणूस पडलेला दिसतो, पडताना दिसत नाही.

यातच चित्रीकरणाच्या जागेची, अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीची भर. युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरचा, नवाहो लोकांच्या मालकीचा हा प्रदेश. त्यातले लाल वालुकाश्माचे सुळके ३०० मीटरपर्यंत उंच जातात. १९६८ साली लिओने यांनी इथे चित्रीकरण केले ते शोकगंभीर कथेसाठी, आणि ती भव्यता तिथे अर्थपूर्ण होती. विनोदासाठी ही जागा प्रतिकूल आहे. अंगविक्षेपाचा विनोद कळायला माणूस डोक्यापासून पायांपर्यंत दिसावा लागतो आणि चौकटीची निदान निम्मी उंची त्याने व्यापावी लागते. सुळके चौकटीत घ्यायचे तर भिंग रुंद लावावे लागते, कॅमेरा मागे न्यावा लागतो आणि माणूस मुंगीएवढा होतो. माणूस मोठा करायचा तर सुळके कापले जातात, मग इतक्या लांब येण्याचे कारण उरत नाही. बार्बोनी यांनी आपले त्रिनिता इटलीतल्याच माळरानांवर केले, ते पैसे वाचावेत म्हणून असेल, पण विनोदाला ते मानवले. छायालेखक ज्युसेप्पे रुझोलिनी यांनी व्हॅलीची चित्रे अतिशय सुंदर घेतली आहेत. त्या सुंदर चित्रांत विनोद सांडतो.

आवाजाचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्या काळच्या इटालियन चित्रपटांत प्रत्यक्ष चित्रीकरणाचा आवाज वापरत नसत. नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि सगळे संवाद नंतर स्टुडिओत भरले जायचे. आपल्याकडेही 'लगान'च्या आधी कित्येक वर्षे हीच रीत होती, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला तिचे वावडे नाही. हिलचे त्रिनिता चित्रपट इटालियनमध्ये गाजले ते पिनो लोक्की यांच्या आवाजात. डबिंग चांगले असेल तर काही बिघडत नाही. पण या कथेचा मधला खांबच सोंगावर उभा आहे. गोऱ्यांवर राग धरून असलेला अर्धा मूलनिवासी दरोडेखोर लष्करी कर्नल बनतो. हा विनोद कानाने ऐकायचा आहे. उच्चार बदलायला हवेत, आवाजाची पट्टी बदलायला हवी, मध्येच जुनी बोली निसटायला हवी आणि ऐकणाऱ्याच्या भुवया वर जायला हव्यात. सगळ्याच पात्रांचे आवाज एकाच स्टुडिओतल्या गुळगुळीत भाषेत भरले की सोंग कुठे सुरू होते आणि कुठे गळून पडते हे कानाला समजत नाही. मॅकगूहनची तर निम्मी ताकद त्याच्या तुटक, धारदार इंग्रजी उच्चारांत आहे आणि ती इटालियन आवृत्तीत नाहीशी होते. क्युबेकचा गायक, फ्रेंच अभिनेत्री, इंग्रजी बोलणारा खलनायक, जर्मन बंदूकबाज अशी मंडळी जमवली होती. या भाषांच्या खिचडीचाच विनोद करता आला असता, पण ती सगळी विविधता डबिंगमध्ये सपाट झाली.

मोरिकोने यांच्या संगीताबद्दल वाईट लिहिणे जड जाते. चाली गोड आहेत, हलक्या आहेत, चित्रपटाबाहेर ऐकायला मजा येते. 'काव्हाल्काता पेर एलिसा'मध्ये त्यांनी बेथोव्हेनची 'फ्युर एलिझे' घोडदौडीत गुंफली आहे. हीच चाल त्यांनी सर्जियो सोल्लिमा यांच्या १९६६ च्या 'ला रेसा देई कोन्ती'मध्ये वापरली होती. पण तिथे एकचष्मा लावणारा, ताठ मानेचा एक युरोपीय बॅरन होता आणि वाळवंटातल्या त्या माणसाच्या द्वंद्वाला पियानोची ती चाल बरोबर बसत होती. इथे एलिझे कोणासाठी वाजते? कोणत्याही पात्राशी, कोणत्याही प्रसंगाशी तिचे नाते नाही. शिवाय संगीत विनोदाच्या आधीच हसू लागते. पुढे गंमत आहे अशी सूचना वाद्यांनी दिल्यावर पडद्यावरची गंमत शिळी होते. न्हाव्याच्या दुकानातल्या त्या प्रसंगात संगीत नव्हते, ही आठवण पुन्हा करून द्यावीशी वाटते.

आणखी एक दोष, जो आजच्या प्रेक्षकाला लगेच टोचेल. कॅबटचा द्वेष आणि बिलचे अर्धे रक्त हे दोन्ही विषय गंभीर आहेत आणि दामियानींसारख्या राजकीय भान असलेल्या दिग्दर्शकाने ते निवडले यात नवल नाही. मात्र एकदा निवडल्यावर त्यांचे काय करायचे हे ठरलेले दिसत नाही. एका प्रसंगात द्वेष खरा आणि भयानक, पुढच्या प्रसंगात तोच द्वेष विदूषकी. ज्यांच्यावर हा सगळा अन्याय चालला आहे ते मूलनिवासी डावातल्या सोंगट्यांपलीकडे जात नाहीत. त्यांच्यातले एक जरी पात्र नीट लिहिले असते, ज्याला जो थँक्सचा डाव दिसतो आणि जे त्याच्यावर हसते, तर चित्रपटाला टोक आले असते.

चित्रपट विकलाही चुकीच्या नावाने गेला. जर्मनीत त्याचे नाव 'नोबडी इस्ट डेर ग्रोस्टे', म्हणजे ''कोणीच नाही' सर्वांत थोर', ठेवले, जणू १९७३ च्या चित्रपटाचा पुढचा भाग असावा तसे. फोंडाची सावली शोधत आलेल्या प्रेक्षकाला इथे ती कशी मिळणार? तोवर लाटही ओसरली होती. त्रिनिताच्या यशानंतर विनोदी वेस्टर्नपटांचे पीक आले आणि इटालियन प्रेक्षक पोलीस-गुन्हेगारीच्या चित्रपटांकडे वळू लागला होता.

तरीही हा चित्रपट बघू नये असे मी म्हणणार नाही. हिलचे एकट्याचे प्रसंग तजेलदार आहेत, लिओने यांच्या हातची सुरुवात दिसते तशी वेगळी कळते, मिऊ-मिऊचा चेहरा कॅमेऱ्याला आवडतो. मॉन्युमेंट व्हॅली तर आहेच. संकलन शिकणाऱ्यांनी तो अवश्य बघावा आणि प्रत्येक संवादप्रसंगात एक गोष्ट तपासावी: इथला ढिलेपणा १२ फ्रेमचा आहे की पटकथेच्या एका पानाचा? नजर उशिरा वळते, हातातली वस्तू बदलते, प्रतिक्रिया तुटक वाटते, तिथे नाकारलेला टेक असण्याची शक्यता आहे. पात्राला काय हवे आहे हेच कळत नसेल तर तो दोष कोणत्याही टेकने भरून निघाला नसता.

शेवटी एक विनंती. अशा जुन्या चित्रपटांवर आपल्या पानावर लिहिले जाईल तेव्हा कोणती आवृत्ती पाहिली हे लेखकाने अवश्य नोंदवावे: भाषा कोणती, लांबी किती मिनिटांची, चित्र पूर्ण रुंदीचे की दूरचित्रवाणीसाठी कडा कापलेले. रुंद पडद्यासाठी घेतलेल्या चित्राच्या कडा कापल्या की त्रिकुटातला एक जण हमखास चौकटीबाहेर जातो आणि तो दोष मग विनाकारण दिग्दर्शकाच्या माथी बसतो. 'उन जेनिओ' बघायचा असेल त्यांनी पूर्ण रुंदीची इटालियन आवृत्ती उपशीर्षकांसह मिळवावी. इंग्रजी आवृत्ती हाताशी असल्यास सोंगाचे प्रसंग तीतही ऐकून बघावेत. आणि त्याआधी १९७३ चा चित्रपट बघावा, निदान न्हाव्याच्या दुकानातला पहिला प्रसंग तरी, आवाज मोठा करून.

आपला,
एक चित्रपट संकलक, पुणे